‘एकदाच जायचे’ म्हणून कर्ज काढावे का?

पश्चिम महाराष्ट्रातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात आणि यजमान एका सहकारी संस्थेत नोकरीला आहेत. पुढच्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षे होत असल्याने दोघे, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई अशा चौघांनी परदेशी जावे, असे त्यांच्या मनात आहे. भिशी आणि मुदत ठेव मिळून पाच लाख रुपये हाताशी आहेत. एका सहल कंपनीने युरोपातील पाच देशांच्या नऊ दिवसांच्या सहलीचा दर माणशी २ लाख ४० हजार ‘पासून’ असा सांगितला आहे, आणि महिनाअखेरीपूर्वी नोंदणी केल्यास सवलत देऊ केली आहे. उरलेल्या पैशांसाठी शिक्षक पतसंस्थेतून पाच लाखांचे कर्ज मिळेल. यजमानांना कर्ज नको आहे. सासूबाई म्हणतात, “मला पशुपतिनाथ दाखवा, म्हणजे झाले.” थायलंडचे नाव काढले की नातेवाईक हसतात आणि नेपाळला परदेश कोण म्हणतो, अशी या भगिनींची अडचण आहे. ‘आमच्यासारख्यांचे परदेशी जाणे आयुष्यात एकदाच होणार, मग ते युरोपलाच का होऊ नये? त्यासाठी थोडे कर्ज काढले तर बिघडले कुठे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र कर्जाविषयी आहे, पण त्यातील सर्वांत महाग शब्द ‘एकदाच’ हा आहे, असे मला वाटते. एकदाच जायचे म्हटले की सर्वांत लांबचे ठिकाण निवडावेसे वाटते, एका फेरीत पाच देश उरकावेसे वाटतात, घरातील प्रत्येकाला बरोबर न्यावेच लागते आणि सवलतीची तारीख हुकली तर जन्माची संधी गेली अशी भीती वाटते. या चारही गोष्टी खर्च वाढवणाऱ्या आहेत. तुम्ही दोघे नोकरीत आहात, निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत आणि पाच लाख रुपये तुम्ही स्वतःच्या शिस्तीने साठवले आहेत. अशा कुटुंबाला परदेशी दुसऱ्यांदा जाताच येणार नाही, हे गृहीतक तुम्ही कशाच्या आधारावर धरले, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. माझ्या मते त्याला आधार नाही. पहिल्याच फेरीत सगळी शिल्लक संपवून वर तीन वर्षांचे हप्ते लावून घेतले, तर मात्र ते गृहीतक खरे ठरेल.

आधी हिशेब करू. चौघांचे ९ लाख ६० हजार रुपये होतात. सहलीच्या पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो. तो सांगितलेल्या दरात धरलेला नसेल, तर आणखी ४८ हजार वाढतात. युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, आणि बारा वर्षांपुढील मुलांनाही तेच लागू होत असल्याने तुमच्या मुलाचेही पूर्ण शुल्क भरावे लागेल. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क त्याखेरीज, आणि व्हिसा नाकारला गेला तर यातले काहीच परत मिळत नाही. पॅकेजवर कंपनी टीसीएस नावाची रक्कमही गोळा करते. तो खर्च नव्हे. तुमच्या पॅनवर जमा होणारा तो आगाऊ कर आहे आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. पण सहलीआधी ते पैसे हातात असावे लागतात, आणि त्याचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले असल्याने नोंदणीच्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्यावा. आता कर्ज. पाच लाख रुपये बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६ हजार ६०० रुपये बसतो आणि एकूण व्याज जवळजवळ ९८ हजार रुपये होते. ज्या चार विमान तिकिटांविषयी मी पुढे लिहिणार आहे, त्यांचा बहुतेक खर्च या व्याजातून भागतो.

जाहिरातीतील ‘पासून’ या शब्दाकडेही नीट पाहा. तो दर बहुधा सर्वांत कमी मागणीच्या तारखेचा असतो. शाळांच्या सुट्टीतील तारखेचा दर वेगळा निघतो. ‘ऐच्छिक’ म्हणून दाखवलेल्या सहली, वाहनचालक आणि मार्गदर्शकांची बक्षिसी, दुपारचे जेवण, आणि एखाद्या स्मारकाचे ‘बाहेरून दर्शन’ की आत प्रवेश, या गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. इतिहासाच्या शिक्षिकेला रोमचे प्राचीन कलोसियम बसच्या खिडकीतून दाखवून पुढे नेले, तर तिचे समाधान होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

सहल कंपनीबरोबर जाणे चुकीचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. व्हिसाची कागदपत्रे कोणीतरी पाहते, रात्री वरण-भात मिळतो, वयस्कर माणसांना आपल्या भाषेत बोलणारी सोबत लाभते, आणि सामान हरवले तर धावपळ करायला माणूस असतो. ज्यांना परक्या विमानतळावर उभे राहण्याचीच धास्ती वाटते, त्यांनी या सोयीचे पैसे अवश्य मोजावेत. प्रश्न एवढाच आहे की, ही सोय तुम्हाला पाच देशांसाठी, एकदम, कर्ज काढून हवी आहे का?

तुमचे पत्र मी पुन्हा वाचले, तेव्हा युरोप नक्की कोणाला हवा आहे, हे शोधू लागलो. तो तुम्हाला हवा आहे. ज्या रोमविषयी तुम्ही इतकी वर्षे वर्गात बोललात, ते पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. यजमानांना कर्ज नको आहे, एवढेच त्यांच्याविषयी कळते. मुलाचे मत पत्रात नाही. सासूबाईंनी तर आपली इच्छा स्पष्ट सांगितली आहे आणि ती युरोपची नाही. रोज सकाळी सहाला सामान बाहेर काढायचे, दिवसभर बस आणि दगडी फरसबंदीवरून चालणे, असा नऊ दिवसांचा कार्यक्रम अडुसष्टाव्या वर्षी सोसेल का, हे त्यांना विचारले गेलेले दिसत नाही. चौघांना एकत्र नेण्याची तुमची माया मला समजते. पण तिघांनी स्वतःहून न मागितलेल्या ठिकाणी चौघांना नेऊन माया आणि पैसा दोन्ही खर्च करण्यापेक्षा हे काम दोन-तीन टप्प्यांत विभागावे, असे मी सुचवेन.

पहिला टप्पा म्हणून व्हिएतनामचा विचार करा, आणि तोही संपूर्ण व्हिएतनामचा नव्हे. तो देश उत्तर-दक्षिण लांबलचक असल्यामुळे एका वेळी सगळीकडे हवा सारखी नसते. शिक्षकांना सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात, म्हणजे दा नांग आणि होई आन परिसरात, जोरदार पाऊस असतो आणि होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पुराचे पाणी शिरते. त्याच सुमारास उत्तरेकडे हनोईत मात्र हवा कोरडी आणि आल्हाददायक होऊ लागते. म्हणून दिवाळीत गेलात तर हनोई मुक्कामाचे ठिकाण ठेवून तिथूनच निन्ह बिन्ह आणि ‘हा लाँग’चा उपसागर पाहा. निन्ह बिन्ह हनोईपासून शंभर किलोमीटरांच्या आत आहे. तिथे चुनखडीच्या डोंगरांमधून आणि गुहांमधून वल्हवत नेणाऱ्या होड्या आहेत, ज्यात सासूबाईंना चालावे लागणार नाही. हा लाँग दीडशे किलोमीटरांवर आहे. तिथल्या बोटी हवामान बिघडले की बंद ठेवतात, म्हणून त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा.

हनोईत तुमच्यासाठी एक जागा आहे. इ.स. १०७० मध्ये स्थापन झालेले ‘वान मिएउ’ हे कन्फ्यूशियसचे विद्यामंदिर, जिथे पुढे राजदरबाराची विद्यापीठासारखी पाठशाळा चालली. पंधराव्या ते अठराव्या शतकांत राज्याच्या सर्वोच्च परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या शिलालेखांत कोरलेली आहेत, आणि असे ८२ शिलालेख आज शिल्लक आहेत. परीक्षेच्या आधी मुले आजही तिथे हात जोडायला येतात. दहावीच्या उंबरठ्यावरच्या तुमच्या मुलाला याची गंमत वाटेल की धास्ती, हे तुम्हीच जाणे.

मे महिन्यात गेलात, तर मात्र मध्य व्हिएतनाम गाठा. ऊन कडक असते, पण पाऊस फारसा नसतो, आणि होई आनहून सकाळी लवकर निघून ‘मी सन’ या ठिकाणची मंदिरे पाहता येतात. ही तिथल्या प्राचीन चंपा राज्यातील शैव मंदिरे. चौथ्या ते तेराव्या शतकांदरम्यान तिथे बांधकाम होत राहिले, संस्कृत शिलालेख कोरले गेले, आणि १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यांतील कित्येक इमारती कोसळल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे अलीकडे जीर्णोद्धाराचे काम केले असून त्या कामातच २०२० मध्ये नवव्या शतकातील एक अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. इतिहासाच्या शिक्षिकेने परदेश म्हणजे युरोपच का मानावा, असा प्रश्न मला इथे पडतो.

खर्चाचा अंदाज असा. मुंबईहून हनोईला थेट विमाने आहेत. सामानासह जाण्या-येण्याचे माणशी २५ ते ३० हजार धरा. दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी हा आकडा चढतो, म्हणून भाऊबीज घरी करून तिच्या दोन-तीन दिवसांनंतर निघावे. सुट्टी तेव्हाही शिल्लक असते. दोन खोल्या, सात रात्री, चांगल्या स्वच्छ पण साध्या हॉटेलात रोजच्या पाच हजारांच्या आसपास मिळतात. जेवणखाण चौघांचे तीस-पस्तीस हजार, हा लाँग, निन्ह बिन्ह आणि गावातील फिरणे मिळून चाळीस हजार, व्हिसाचे नऊ-दहा हजार आणि विमा. बेरीज अडीच लाखांच्या आसपास येते. हात थोडा सैल सोडला तरी पावणेतीन लाखांच्या पुढे जाऊ नये. हे माझे ढोबळ आकडे आहेत, तिकिटे पाहून तुम्ही ते दुरुस्त करावेत. पण पाच लाखांतील निम्मी रक्कम शिल्लक राहते, हे त्यांतून दिसावे.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो आणि तो ९० दिवसांपर्यंत चालतो. अर्ज तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरच करावा. शोध घेताना वर दिसणारी बरीचशी संकेतस्थळे दलालांची असतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. अर्जात कोणत्या विमानतळावरून प्रवेश करणार, हे निवडावे लागते. तिकिटाशी ते जुळले पाहिजे. आपल्याकडे स्त्रियांच्या नावांचा घोळ हमखास होतो: पासपोर्टवर पतीचे नाव मधे असते, तिकिटावर ते गळते, आधारवर माहेरचे आडनाव असते. तिकीट आणि व्हिसा या दोन्हींवर पासपोर्टातील नाव अक्षरशः जसेच्या तसे असावे. शाकाहारी असाल, तर एवढे ध्यानात ठेवा की तिथल्या भाजीतही मासळीचे पाणी घालतात. पाटीवर ‘चाय’ (रोमन लिपीत ‘chay’, म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी) लिहिलेली खानावळ शोधावी, ती बौद्ध पद्धतीची पूर्ण शाकाहारी असते. हनोईत भारतीय खानावळीही आहेत. तरीही शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बरोबर असाव्यात. सासूबाई त्या घेतल्याशिवाय निघणार नाहीतच.

आता सासूबाईंचे पशुपतिनाथ. नेपाळला परदेश कोण म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणणारे काय म्हणतील, यावर सहल ठरवायची असेल तर माझा सल्ला फार उपयोगाचा नाही; पण त्या देशात जायला भारतीयांना पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते, आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला आधार कार्डही चालते, ही गोष्ट कमीपणाची कशी ठरते? आपला एक रुपया म्हणजे तिथले १.६० रुपये, हा विनिमयदर ठरलेला असल्यामुळे हिशेबही सोपा. मंदिराचे मुख्य पुजारी परंपरेने कर्नाटकातून जाणारे भट्ट असतात, हे सासूबाईंना सांगा, त्यांना ते ऐकून बरे वाटेल. काठमांडू, भक्तपूर आणि पोखरा अशी आठवड्याभराची फेरी चौघांना दीड लाखाच्या आत बसवता येते. त्यांना व्हिएतनामात मुळीच रस नसेल, तर पहिली फेरी नेपाळचीच करा आणि व्हिएतनाम नंतर तिघे जा. कोणती आधी, हे त्यांच्या गुडघ्यांवर आणि तुमच्या रजेवर अवलंबून आहे.

थायलंडबाबत थोडक्यात लिहितो. भारतीयांना तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ करण्यात आला, मे २०२५ पासून आगमनापूर्वी एक मोफत डिजिटल अर्ज मात्र भरावा लागतो. असे नियम बदलत असल्याने तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावेत. अयुथया या जुन्या राजधानीचे अवशेष आणि उत्तरेकडचे चिआंग माई पाहून आलेल्या कुटुंबाला हसणाऱ्या नातेवाइकांनी बहुधा त्यांतले काहीच पाहिलेले नसते.

आणि तुमचा युरोप? तो मी यादीतून काढलेला नाही. व्हिएतनाम करून उरलेल्या सव्वादोन-अडीच लाखांत (नेपाळही केलेत, तर तेवढे कमी धरा), कर्जाचा जो हप्ता तुम्ही भरणारच होता, त्यातील निम्मा, म्हणजे महिन्याला आठ हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर दोन वर्षांत व्याज सोडूनही १ लाख ९२ हजार साठतात. शिल्लक आणि ही ठेव मिळून होणाऱ्या रकमेत तुम्ही दोघे, एकाच देशात, आठ-नऊ दिवस आरामात फिरून याल. इटली घ्या: रोम आणि फ्लोरेन्स, मधला प्रवास रेल्वेने, मुक्कामाची ठिकाणे दोनच. दिवाळीच्या सुट्टीत तिथे उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालये आणि स्मारके विनामूल्य असतात, आणि अठरा वर्षांखालील मुलांना तर ती नेहमीच विनामूल्य. मुलगा तोवर कॉलेजला गेला असेल आणि आईवडिलांबरोबर यायला तयार नसेल, ही शक्यता धरून ठेवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो, आणि पासपोर्टवर आधीच्या प्रवासांचे शिक्के असले तर अर्जाला थोडे बळ येते, हमी मात्र मिळत नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस सत्ताविसाव्या वर्षी साजरा झाला, तर यजमान तक्रार करतील असे वाटत नाही.

परदेशात पैसे खर्च करतानाही थोडी सावधगिरी बाळगा. साध्या क्रेडिट कार्डावर बँक दोन ते साडेतीन टक्के जादा आकार आणि त्यावर जीएसटी लावते. हा आकार नसलेले कार्ड किंवा आगाऊ भरलेले फॉरेक्स कार्ड तुमच्या बँकेत मिळते का, ते विचारा. दुकानातील यंत्र ‘रुपयांत घेऊ का?’ असे विचारते, तेव्हा नाही म्हणून स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा तो दर नेहमी महाग असतो. सासूबाईंच्या विम्यात रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असल्याची नोंद लपवू नका. दाव्याच्या वेळी तीच नोंद आड येते. त्यांची औषधे हातातील पिशवीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा.

सवलतीची मुदत संपते म्हणून या महिन्यात कंपनीला पैसे देऊ नका. द्यायचेच ठरले, तर नोंदणी रद्द केल्यास आणि व्हिसा नाकारल्यास किती रक्कम कापली जाईल, हे लेखी घेतल्यावरच द्या. त्याऐवजी हा महिना पासपोर्टसाठी वापरा, कारण कुठेही जायचे ठरले तरी तो हाताशी असलेला बरा. प्रौढांचा छत्तीस पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत मिळतो आणि दहा वर्षे चालतो. मुलगा पंधरा वर्षांचा असल्याने त्याच्यासाठी दहा वर्षांचा पर्याय निवडता येतो. अन्यथा तो अठराव्या वर्षी संपेल. सासूबाईंकडे जन्मदाखला नसेल, तर शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालते, मात्र सगळीकडे तारीख आणि नाव एकच आहे का, ते आधी पाहा. तुम्हाला स्वतःला परदेश प्रवासासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागेल, आणि ती फाईल किती टेबलांवरून फिरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून परवानगीचा अर्ज तिकिटांच्या आधी द्या. पासपोर्टसाठी मात्र ना-हरकत दाखल्याची वाट पाहण्याची गरज नाही. कार्यालयाला पूर्वसूचनेचे पत्र दिल्याची प्रत पुरते. ते पत्र आवक विभागात नोंदवून त्यावर पोच घ्या.